केळशीच्या माळ्यावरची ट्रंक

पहिला दिवस : ठाणे ते केळशी

फेब्रुवारीच्या मध्यावर आत्या, बाबा आणि मी असे तिघे पहाटेच ठाण्याहून निघालो. मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, पुढे गोरेगावावरून आंबेतजवळ सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मग मंडणगडचा चढ आणि तिथून खाली समुद्राकडे उतरत जाणारी केळशीची वाट, असा आमचा मार्ग होता. काजू मोहरले होते आणि कलमांना बारीक कैऱ्या धरू लागल्या होत्या. एरवी बाबांनी चार ठिकाणी गाडी थांबवली असती. त्या दिवशी मात्र ते कुठेच रेंगाळले नाहीत, कारण केळशीत एका अनोळखी घराच्या पडवीत आमच्या आजीची ट्रंक ठेवलेली होती आणि ती १९६१ साली हरवलेली होती.

त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस आजी बाळंतपणासाठी आंजर्ल्याला माहेरी निघाली. आजोबांना कचेरीतून रजा नव्हती, म्हणून सात वर्षांच्या आत्याला घेऊन ती शेजारच्या बिऱ्हाडाच्या सोबतीने भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसली. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे त्या आठवड्यातल्या बोटीला माणसांपेक्षा वळकट्या आणि ट्रंकाच जास्त होत्या, असे आत्या सांगते. आंजर्ल्याजवळच्या हर्णै बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही, पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत आणि लाटेने पडाव वर आला की नेमक्या क्षणी खलाशी माणसांना हाताला धरून खाली घेत. आत्याला बोट लागली होती. तिला कुणीतरी उचलून पडावात ठेवल्याचे आणि अंगावर खारे पाणी उडाल्याचे तिला आठवते. सामान मागून दुसऱ्या पडावाने यायचे होते. ते आले, वळकटी आली, फिरकीचा तांब्या आला, ट्रंक तेवढी आली नाही.

घ्यायला आलेल्या मामांनी, म्हणजे आजीच्या थोरल्या भावाने, वाळूवरच पडावाच्या तांडेलाला, म्हणजे पडावावरच्या मुख्य नाविकाला, धारेवर धरले. ट्रंकेत आजीची पुतळ्यांची माळ होती असे त्यांनी चार लोकांत सांगितले, आणि तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट तशीच सांगितली गेली : पाजपंढरीच्या तांडेलाने ट्रंक लांबवली आणि माहेरची माळ गेली. बाबांचा जन्म त्याच श्रावणातला, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला माळेची आठवण निघत असे.

केळशीला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत उतरती कौलारू घरे आणि मागे आगर, ही केळशीची ठेवण अजून बरीचशी टिकून आहे. आगरांतली विरळ झालेली झाडे मात्र लगेच नजरेत भरतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि त्या एका दिवसात केळशी, आंजर्ले, मुरूड, हर्णै या पट्ट्यातली नारळ-सुपारीची झाडे रांगाच्या रांगा आडवी झाली. सुपारी लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे सहज जातात, म्हणजे त्या दिवसाचे नुकसान इथली माणसे अजून सोसत आहेत.

आमची ट्रंक मिळाली ती या वादळामुळेच. यजमानांच्या घरावर फणस कोसळला, कौले फुटली आणि स्वयंपाकघरावरचा माळा उघडा पडला. माळ्यावरचे सगळे सामान खाली आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवले गेले. घरातली पिढी पुण्याला असल्यामुळे ते नीट पाहायला पुढे काही वर्षे गेली. यंदा दिवाळीनंतर दुरुस्ती पुरी झाली तेव्हा त्यांनी एकेक वस्तू उचलायला घेतली आणि गोणपाटात शिवलेला एक चौकोनी बोजा हातात येताच त्याचे गोणपाट गळून पडले. आत काळी ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचे नाव, ‘गिरगाव, मुंबई ४’ आणि खाली ‘मु. आंजर्ले’ असे लिहिलेले होते. पिनकोड आला १९७२ साली. त्याआधी मुंबईत असे नुसते विभागाचे आकडे लिहीत, त्यामुळे ट्रंक किती जुनी असावी याचा अंदाज यजमानांना तिथेच आला. आंजर्ल्यात चौकशी करत करत त्यांनी आमच्यापर्यंत निरोप पोहोचवला.

संध्याकाळी त्यांनी आम्हांला त्यांच्या आजीची जमाखर्चाची वही दाखवली. ज्येष्ठातल्या एका पानावर नारळ आणि रॉकेलच्या हिशेबाच्या मध्ये दोन ओळी होत्या : ‘हर्णैहून मचव्याने आलेल्या सामानात एक ट्रंक जास्त. आपली नव्हे. धनी विचारीत येईल त्यास द्यावी.’ त्याच दिवशी बोटीने उतरलेल्या त्यांच्या पाहुण्यांचे सामान हर्णैला पडावातून परस्पर केळशीच्या मचव्यात चढवले गेले, त्यात आमचीही ट्रंक गेली. गोणपाटावर शाईने लिहिलेले नाव खाऱ्या पाण्याने पुसले गेले होते. पुढे आषाढात आणखी एक नोंद आहे, हर्णैस निरोप धाडल्याची. मग काही नाही.

मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. परक्याचे गोणपाट उसवायचे नाही, एवढा साधा नेम त्या बाईंनी पाळला; आणि तो पाळला म्हणूनच आतले नाव कुणाला दिसले नाही. निरोप हर्णैला गेला तेव्हा तो ऐकून घेणारे आमचे कुणी तिथे नव्हते. ट्रंक चोरीला गेली असे मामांनी ठरवून टाकले होते, आणि चोरी ठरल्यावर शोध कोण घेणार?

दुसरा दिवस : केळशी

सकाळी महालक्ष्मीचे दर्शन घेऊन आम्ही पडवीत बसलो. आत्याने पिशवीतून किल्ली काढली. ट्रंक गेली तरी आजीने तिची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती आणि आजीनंतर ती आत्याकडे आली. कुलपात रॉकेलचे थेंब सोडून यजमान रात्रभर थांबले होते, तरी किल्ली फिरली नाही. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याने मागच्या बिजागऱ्यांच्या सळ्या पकडीने ओढून काढल्या. गंजाने त्या अर्ध्या उरल्या होत्या. कुलूप पुढे तसेच राहिले आणि झाकण मागच्या बाजूने उघडले.

खाऱ्या हवेत पत्र्याची वस्तू साठ वर्षे टिकणे सोपे नसते. आमची टिकली ती तिच्या जागेमुळे. त्या घरात कालपरवापर्यंत चूल पेटत होती आणि माळा बरोबर चुलीवर होता. रोजच्या धुराने गोणपाटावर काजळीचा चिकट थर बसला. त्याने दमटपणा बाहेर ठेवला आणि वाळवीही फिरकू दिली नाही. कोकणात बी-बियाणे चुलीवरच्या माळ्यावर का ठेवत, याचे कारण मला त्या पडवीत नीट कळले.

वर आजीची दोन नऊवारी लुगडी होती. कापड घड्यांवर तपकिरी पडले होते आणि उचलताच घडीवरून फाटत होते. काठांची जर पार काळी झाली होती. डांबराच्या गोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या, पण कापडांमधे घातलेली वेखंडाची कांडी होती आणि ती मोडल्यावर उग्र वास आला. लुगड्यांच्या खाली आत्याची भातुकली निघाली : पितळेची बोटभर उंचीची घागर, परात, झारा, चूल, पोळपाट. सगळ्यांवर हिरवा कळंक चढला होता. यजमानीणबाई आमसुलाचे पाणी घेऊन आल्या, पण आत्याने त्यांना थांबवले. घागर हातात धरून ती म्हणाली, “हिचा कान मीच मोडला होता. आई ओरडली होती.” कान खरोखरच मोडका होता. सत्तरी गाठलेल्या माझ्या आत्याला मी असे रडताना त्याआधी पाहिले नव्हते.

त्याखाली बाळंतविडा होता. झबली, दुपटी, कडेला लाल गोट लावलेले टोपरे, खणाची कुंची आणि गुटीची पुरचुंडी, ज्यात मुरुडशेंग आणि हळकुंड अजून ओळखू येत होते. हे सगळे येणाऱ्या बाळासाठी शिवलेले, आणि ते बाळ म्हणजे बाबा, आता साठी उलटलेले, पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. आत्याने कुंची त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी तिच्या आतली शिवण उलटून पाहिली. टाके हाताचे होते आणि फार बारीक होते. “त्या पावसाळ्यात मला मामीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलं होतं, असं आई सांगायची,” एवढेच ते बोलले.

तळाशी पत्रांचा गठ्ठा आणि एक वही होती. पत्रे शाईची होती आणि शाई ओलीने पसरून निळे डाग झाली होती. आजोबांची सही सोडली तर वाचण्याजोगे काही उरले नाही. वही मात्र पेन्सिलीने लिहिलेली होती. पेन्सिलीचे शिसे म्हणजे शेवटी कोळशाच्याच कुळातले; पाण्याने ते विरघळत नाही आणि उजेडाने विटतही नाही, म्हणून अक्षर काल लिहिल्यासारखे स्वच्छ होते. पुढून जात्यावरच्या ओव्या लिहिलेल्या. काही पूर्ण होत्या. काहींचा पहिलाच चरण होता आणि पुढे जागा सोडलेली. ती माहेरच्या बायकांना विचारून भरायची असणार.

वही मागून उघडली तेव्हा हिशेब निघाला. माळ ट्रंकेत नव्हती हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आले होते, पण कुणी ते बोलून दाखवले नव्हते. चैत्रातल्या तारखेखाली आजीच्या अक्षरात लिहिले होते : ‘माळ मोडली.’ त्याच्यापुढे रक्कम, खाली ‘खोलीची पागडी’, आणि मग एक ओळ सुटी : ‘दादाला समक्ष सांगावे.’

आत्याने ती ओळ मोठ्याने वाचली आणि वही मिटली. गिरगावातली ती खोली मी लहानपणी पाहिली आहे. दिराच्या बिऱ्हाडातून वेगळे व्हायला आजी-आजोबांनी ती घेतली, हे आम्हांला माहीत होते. पागडीचे पैसे कुठून आले हे कधी कुणी विचारले नाही. ट्रंकेच्या झाकणावरचा पत्ता त्याच खोलीचा होता. आणि माळ लग्नात भावाने घातलेली होती.

दुपारभर आम्ही त्या घराच्या आगरात आणि मग भरजेच्या खाडीवर हिंडलो. मनात एकच विषय होता. आजी भावाला सांगण्यासाठीच निघाली होती, यात मला शंका नाही; ‘समक्ष’ हा शब्द तिने उगीच लिहिला नव्हता. पण वाळूवर भाऊ माळेसाठी तांडेलावर ओरडू लागला, भोवती माणसे जमली, आणि गरोदर असलेल्या त्या बाईने तोंड उघडले नाही. पुढे आजोबांनीही उघडले नाही, कारण बायकोच्या माहेरच्या सोन्यावर आपण खोली घेतली हे सासुरवाडीला कळणे त्यांना जड गेले असते. आजी खोटे बोलली असे मला म्हणता येत नाही. तिने दुसऱ्यांना खोटे बोलू दिले आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली. ती मला फार प्रिय होती, तरी हे मी असेच लिहिणार. बाबांना हे बोलणे सोसले नाही. ते पुढे चालत गेले. आत्या मात्र म्हणाली, “उद्या पाजपंढरीला जायचं.”

तिसरा दिवस : आंजर्ले आणि पाजपंढरी

केळशीहून उटंबरचा डोंगर चढून आडे, पाडले करत जाणारा रस्ता समुद्राच्या अगदी काठाने आंजर्ल्यात उतरतो. आजीच्या माहेरच्या घरात आता आत्याचे मामेभाऊ असतात, माझे काका. त्यांनी घावन आणि नारळाचा रस असा बेत केला होता आणि भातुकली पाहून ते मनापासून आनंदले. वहीतले पान वाचल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “आत्या गेली, बाबा गेले, तांडेलही गेला असेल. आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे?” असे ते म्हणाले. त्यांची आत्या म्हणजे आमची आजी. त्यांच्या वडिलांनी त्या तांडेलाचे नाव गावात इतक्या वेळा घेतले होते की काकांना ते आजही तोंडपाठ होते. नाव त्यांनी सांगितले. आमच्याबरोबर यायला मात्र ते तयार झाले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. वडिलांच्या शब्दावर वाढलेल्या माणसाला एका सकाळीत तो शब्द खाली ठेवणे कठीण असते.

पूर्वी आंजर्ल्याहून हर्णैला जायचे तर जोग नदीची खाडी तरीने ओलांडावी लागे; आता पूल आहे. पलीकडे पाजपंढरी, कोळ्यांची दाट वस्ती, आणि पुढे हर्णै बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि त्याच्यावरचे दीपगृह. लिलावासाठी लागलेल्या होड्या, बर्फाच्या पेट्या, बैलगाड्या यांच्या गर्दीत आत्या काही वेळ उभी राहिली आणि बोट कुठे उभी राहत असे ते तिने हाताने दाखवले.

तांडेलाचा मुलगा आत्यापेक्षा थोडा मोठा. घराच्या ओट्यावर तो जाळे शिवत बसला होता. आम्ही कोण, कुठले, हे सांगितल्यावर त्याने सुई खाली ठेवली आणि सुनेला खुर्च्या आणायला सांगितले. आत्याने एका दमात सगळे सांगितले : ट्रंक कुठे मिळाली, कशी गेली होती, आणि माळ तिच्यात नव्हतीच. मग जरा थांबून तिने तेही सांगितले की माळ नाही हे तिच्या आईला ठाऊक होते. हे शेवटचे सांगू नये असे बाबांनी गाडीत सुचवले होते. आत्याने ऐकले नाही, आणि तिने योग्यच केले असे मला वाटते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, आमच्या बापानं ती ट्रंक लय शोधली. मुरुडापर्यंत जाऊन विचारून आला. केळशीच्या मचव्याचं त्याच्या डोक्यात नाही आलं.” त्या वर्षी पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा आंजर्ल्याच्या उतारूंनी त्याच्या पडावात सामान चढवू दिले नाही. दोन हंगाम त्याने काढले, मग पडाव सोडून मासेमारीच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. तांडेलाचा खलाशी होणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे समजवावे लागत नाही. घरात त्या ट्रंकेचा विषय निघाला की तो उठून बाहेर जात असे, असे मुलाने सांगितले. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण क्षमा केल्याचेही त्याने कुठे म्हटले नाही, आणि आम्हीही ती मागितली नाही. ती मागण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता.

चहा झाल्यावर त्याने एकच गोष्ट मागितली. “हे कागदावर लिहून द्या. नातवंडं विचारतात आजोबानं पडाव का सोडला. मी सांगतो, पण कागद असला की बरं.”

सुनेने मुलाच्या वहीतले पान फाडून आणले. आत्या शाळेत शिक्षिका होती. तिने सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला. कोणत्या साली, कोणत्या बंदरात, कोणाची ट्रंक हरवली, ती कोठे व कशी सापडली, तांडेलाचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता आणि त्याच्यावर घेतलेला आळ पूर्णपणे खोटा होता, हे तिने एकेका वाक्यात मांडले. खाली तिने सही केली, मग बाबांनी केली. बाबांचा हात थरथरत होता. ‘आळ’ हा शब्द लिहिला गेला तेव्हा त्यांनी आत्याकडे एकदा पाहिले होते, पण तो बदल असे ते म्हणाले नाहीत. तांडेलाच्या मुलाने कागद वाचला, आपल्या नातवाला मोठ्याने वाचायला लावला आणि मग घडी करून आत नेला.

चौथा दिवस : वेश्वी, बागमांडला आणि परत

परतीला आम्ही बाणकोटच्या बाजूचा मार्ग धरला. पुन्हा केळशीवरून जाताना यजमानांकडे थांबून त्यांच्या आजीच्या वहीतल्या त्या पानांचे फोटो घेतले. ट्रंक त्यांनीच गाडीत चढवून दिली. कपडे न धुता, न झटकता, जुन्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवले आहेत. धुतले असते तर हातात सुताचे पुंजके आले असते. ओव्यांची वही मी मांडीवर घेतली होती. अर्धवट राहिलेल्या काही ओव्या आत्याला येतात, त्या तिने वाटेत सांगितल्या आणि मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतल्या.

वेश्वीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत असताना आंजर्ल्याहून काकांचा फोन आला. पाजपंढरीला काय झाले ते त्यांना ऐकायचे होते. आत्याने सांगितले. मग त्यांनी कागदावर काय लिहिले ते विचारले, आणि मी आदल्या दिवशी काढलेल्या फोटोवरून आत्याने तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. नंतर त्यांनी विचारले, त्यात बाबांचे, म्हणजे मामांचे, नाव घातले आहे का.

“नाही घातलं,” आत्या म्हणाली. “आम्हा दोघांच्याच सह्या आहेत. पण खाली जागा आहे. पूल ओलांडला की दहा मिनिटांवर घर आहे त्यांचं, तू जाऊन कर.”

ते जातो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत; त्यांनी घर नेमके कुठे आहे तेवढे विचारले, आणि आत्याने देवळापासूनची खूण त्यांना नीट सांगितली.